वायुकारी मूत्राशयशोथ

मूत्राशयाच्या भित्तीत, तसेच बहुधा पोकळीतही, जंतूंनी निर्माण केलेला वायू साठणारा तीव्र संसर्ग. इंग्रजी वैद्यकात त्यास एम्फिसिमॅटस सिस्टायटिस म्हणतात. संज्ञेतील ‘वायू’चा आयुर्वेदोक्त वातदोषाशी संबंध नाही. शवविच्छेदनात आढळलेल्या अशा विकृतीचे वर्णन साधारणपणे आइझेनलोर (१८८८) यांच्या नावे सांगितले जाते. सध्याचे नाव मात्र बेली यांच्या १९६१ च्या लेखनानंतर रूढ झाले, असे दिसते.

निम्म्याहून अधिक रुग्ण मधुमेही असतात. वृद्ध स्त्रियांत प्रमाण जास्त आढळते. एश्चेरिकिया कोलाय हा प्रमुख जंतू असून त्याखालोखाल क्लेब्सिएला न्यूमोनी येतो.

वायूच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मूत्रातील व ऊतींतील ग्लुकोजच्या किण्वनातून (आंबण्याच्या क्रियेतून) फॉर्मिक अम्ल तयार होते आणि जंतूंची एंझाइमे त्याचे हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांत विघटन करतात, ही जुनी उपपत्ती. मधुमेह नसलेल्यांतही हा रोग होतो, हे तीत बसत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत ऊतींतील प्रथिने किंवा मूत्रातील लॅक्टुलोज ही शर्करा यांचे किण्वन होत असावे, असे सुचवले गेले. शिवाय अशाच मूत्रपिंड-संसर्गातील वायूच्या पृथक्करणात नायट्रोजनही आढळला, जो किण्वनातून मिळत नाही. बुडबुडा व भोवतालच्या ऊती यांच्यात वायूंची देवाणघेवाण होते आणि मंद रक्ताभिसरणामुळे साठलेला वायू वाहून नेला जात नाही, हे नंतरचे स्पष्टीकरण त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. मधुमेहात मज्जातंतूंच्या हानीमुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे, हेही कारण त्यास पूरक ठरते.

लक्षणांवरून निदान होईलच असे नाही. पोटदुखी, रक्तमिश्रित लघवी किंवा नेहमीच्या ‘उन्हाळी’सारखी जळजळ असते, काहींना काहीच त्रास नसतो. लघवीवाटे वायू जाणे हे सूचक लक्षण, पण रुग्ण ते आपणहून क्वचितच सांगतो. क्ष-किरण चित्रात मूत्राशयाच्या कडेने बुडबुड्यांची माळ दिसते. सीटी स्कॅन अधिक खात्रीचे असून आतडे व मूत्राशय यांमधील भगेंद्र (दोहोंना जोडणारा विकृत मार्ग) वगळण्यास ते आवश्यक ठरते. मूत्र काढण्यासाठी नुकत्याच घातलेल्या नळीतून शिरलेली हवाही पोकळीत दिसते, भित्तीत सहसा नाही.

शिरेवाटे प्रतिजैविके, नळीने मूत्राचा निचरा आणि रक्तशर्करेचे नियंत्रण एवढ्याने बहुतेक रुग्ण बरे होतात. ऊतींचा मृत्यू झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्यास धोका पुष्कळ वाढतो.