अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आलं कुठून?

मुंबईत नवीन कोणी घर भाड्याने घेतलं की हातात लिव्ह लायसन्सचं, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या राहायच्या परवानगीचं, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट पडतं आणि मुदत संपली की बॅग भरायची, त्याच गल्लीत जुन्या चाळीत मात्र एखादं कुटुंब महिना काही शे रुपये भरून तीन पिढ्या राहतंय आणि त्यांना कोणी हलवू शकत नाही. भाडं दोघंही भरतात, मग हक्कात एवढा फरक का, तर ते समजायला थेट पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा मुंबईत घरं कमी आणि भाडी भडकलेली, म्हणून १९१८ ला सरकारने भाड्यावर तात्पुरता लगाम घातला. दुसऱ्या महायुद्धात परत तीच वेळ आली आणि त्यातून १९४७ चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट झाला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच स्टँडर्ड रेंट, म्हणजे मालकाला घेता येईल तेवढं कायदेशीर भाडं, आणि भाडं भरतोय तोवर ठराविक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही. गिरणगावातल्या माणसाला या कायद्याने खरंच छप्पर दिलं, हे विसरून चालणार नाही. पण हा कायदाही तात्पुरताच होता आणि मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षं चालला, भाडं गोठलेलं राहिलं, मालकांनी डागडुजी सोडली, पागडी, म्हणजे घर मिळवायला मोजावी लागणारी एकरकमी रक्कम, टेबलाखालून सुरू झाली, शेवटी १९६९ ला सरकारलाच सेस (दुरुस्तीसाठीचा खास कर) लावून इमारत दुरुस्ती मंडळ काढावं लागलं.

मालकांनी पळवाट काढली ती लिव्ह लायसन्सची, म्हणजे भाडेकरू नाहीच, फक्त राहायची परवानगी. मग सरकारने १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरूच मानलं. त्या लोकांचं भलं झालं पण मालक इतके धास्तावले की घर रिकामं ठेवू पण देणार नाही असं अनेकांनी ठरवलं.

१९९७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू, मुंबई, विदर्भ, मराठवाडा सगळीकडचे वेगवेगळे कायदे जाऊन एकच. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ आली, पागडी कायदेशीर झाली. आणि कलम २४ ने मालकांची भीती घालवली: लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. माझ्या मते आजच्या भाडेकरूचं पारडं हलकं झालं ते इथेच.

पण त्याच कायद्यात कलम ५५ आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. अकरा महिन्यांची सवय पडली कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षभरापर्यंतच्या भाडेकराराला सहसा रजिस्ट्रेशन लागत नव्हतं. महाराष्ट्रात आता ती सूट नाही, करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि रजिस्टर्ड हवाच, आणि तो करून घेणं ही मालकाची जबाबदारी, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी रजिस्टर्ड करार नसताना वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.