चहाबिहातला 'बिहा'

दारात पाहुणा आला की आपण सहज विचारतो, "चहाबिहा घेणार ना?" 'बिहा' म्हणजे काय, असं आजवर कुठल्याच पाहुण्यानं विचारलेलं नाही. शब्दकोशात तो नाही. तरीही पाहुण्याला कळतं, की कॉफी, सरबत, नाहीतर नुसतं गार पाणी मागितलं तरी चालणार आहे. हाच 'बि' वाक्यात दुसरीकडे बसला की सूर पार बदलतो. "लग्नबिग्न काही करायचं नाही मला" यात तो विषय झटकून टाकतो. बातमीत मंत्री चहाबिहा घेताना दिसत नाहीत, तिथे ते 'चहापान' करतात. रविवारच्या पुरवणीतल्या सदरात मात्र हा शब्द हक्कानं बसतो.

भाषाविज्ञानात चहाबिहासारख्या शब्दांना प्रतिध्वनी-शब्द म्हणतात. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९३८ साली निलगिरीतल्या तोडा भाषेतल्या अशा शब्दांवर लेख लिहिला होता. पुढे लक्षात आलं, की भारतात आर्य आणि द्राविड, दोन्ही कुळांतल्या भाषा हा खेळ खेळतात. हिंदीत चाय-वाय, तमिळमध्ये पुलि-गिलि (पुलि म्हणजे वाघ).

मराठीतला नियम सोपा वाटतो: शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे 'बि' बसवायचा. पाऊसबिऊस, शाळाबिळा, मोबाइल-बिबाइल. पण 'प्रॉब्लेम-बिब्लेम' म्हणून बघा. 'प्रॉ'मधला 'प' जातो आणि त्याला चिकटलेला 'र'ही जातो. 'बिरॉब्लेम' कोणी म्हणत नाही. म्हणजे जोडाक्षर हा एकच तुकडा आहे, हे व्याकरणाचं पुस्तक न उघडलेल्या माणसाच्या जिभेलाही ठाऊक असतं.

त्याहून मला थक्क करतं ते सामान्यरूप. 'पैसाबिसा'ला विभक्ती लावली की काय होतं? "पैशाबिशाची अडचण असेल तर सांग." पैशाबरोबर बिशाही बदलला! ज्याला स्वतःचा अर्थ नाही, तोही 'स'चा 'श' करून घेतो. लहान बाळाला तीट लावताना म्हणायच्या 'अडगुलं मडगुलं'चंही तसंच. पुढे 'सोन्याचं कडगुलं' येतं, सोन्याचा किंवा सोन्याची नाही. गंमतीच्या अक्षरांनाही मराठीनं नपुंसकलिंग दिलेलं आहे.

आता हे शब्द मोठ्यानं म्हणा: गडबड, लगबग, चुळबुळ, लुडबुड, कुजबुज, झगमग, डळमळ, खटपट, किडूकमिडूक, शेजारीपाजारी. दुसऱ्या तुकड्याशी आलात की दर वेळी ओठ मिटतात. प, ब, म हे सगळे ओष्ठ्य वर्ण. चहाबिहातला 'ब' तसाच, मडगुलंमधला 'म'ही तसाच. थेट तुर्कस्तानात गेलात तरी पुस्तकाला 'किताप' आणि पुस्तकबिस्तकाला 'किताप-मिताप'. तमिळचा 'गि' मात्र घशाकडचा, आणि आपल्याकडेही 'उलटसुलट'सारखे शब्द आहेतच. तरी एवढी मोठी रांग मला योगायोगाची वाटत नाही. साधारण सहा-सात महिन्यांचं मूल बाबाबा, मामामा असं बडबडू लागतं, तेव्हा त्याच्या हाती लागलेलं पहिलं खेळणं ओठच असतात.

१९५८ साली जीन बर्को या संशोधिकेनं अमेरिकेतल्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव सांगितलं 'वग'. मग दोन प्राणी दाखवून विचारलं, आता काय म्हणाल? कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी अचूक केलं. नियम मुलाच्या डोक्यात असतो, तो पाठांतराचा भाग नसतो, हे त्यातून दिसलं.

मी घरी पाच वर्षांच्या भाचीवर हाच प्रयोग केला. मातीचा एक वेडावाकडा गोळा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, हा टोमका. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला. थोड्या वेळानं तिचा धाकटा भाऊ रांगत टेबलापाशी आला, तशी ती ओरडली, "ए, मामाच्या टोमक्याबिमक्याला हात लावायचा नाही हं!"