शिडाच्या छोट्या होडीत उडणारे पाणी: कव्हर शिवून घेण्याआधी हे वाचा

उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रक-ट्रॉलीच्या ताडपत्र्यांबरोबर शिडाच्या होड्यांची कव्हरेही शिवून मिळतात. मालवण-देवगडकडे होडी ठेवणारे आपल्या भागातले हौशी लोक बहुतेक एकच मागणी घेऊन येतात: "बसायच्या जागेत पाणी येतंय, काहीतरी शिवून द्या." कापडाने बरेच पाणी अडते. पण आधी पाणी येते कुठून ते बघा, म्हणजे नको त्या कामाला पैसे जाणार नाहीत.

नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, लाटेवर आपटते, तुषार उडतात आणि वारा ते आत आणून टाकतो. त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर तिरके चढताना सगळे भिजतात. वारा पाठीशी असला की त्याच लाटांत अंग बऱ्यापैकी कोरडे राहते. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर पहाटे-सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटून लाट उठते. मतलईवर बाहेर पडा, खारा वारा धरला की त्याच्यावर परत या. जाताना-येताना वारा मागूनच राहील, आणि या उपायाला खर्च काही नाही.

वाऱ्यावर चढावेच लागले तर शीड थोडे सैल सोडा, नाळ वाऱ्यापासून किंचित बाजूला घ्या आणि वेग कमी करा. पुढे बसलेल्यांनी जरा मागे सरकावे. सगळेच मागे गेले तर मात्र होडीचा मागचा भाग पाण्यात बसतो आणि तिकडून पाणी येते.

आता कापडाचे. केबिन असलेल्या होडीला दारावर स्टेनलेस पाइपचा घडीचा हूड, म्हणजे कापडी छप्पर, छान बसतो. पाइप ३१६ ग्रेडचाच घ्या. ३०४ खाऱ्या हवेत लवकर डागाळतो. पंधरा फुटांच्या आतल्या उघड्या होडीला मात्र आम्ही हूड सुचवत नाही. बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डोक्यावरून फिरताना हूड आडवा येतो, वारा धरतो आणि समोरचे दिसत नाही. तिथे नाळेपासून डोलकाठीपर्यंतचे सपाट कव्हर बरे. मधोमध पट्टी घालून ते घराच्या छपरासारखे उचलले की पाणी दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. हे कव्हर आम्ही लवचिक दोरी आणि ओढताच सुटणाऱ्या हुकांवरच बसवतो. होडी उलटली तर माणूस कापडाखाली अडकता कामा नये, म्हणून घट्ट गाठींचे कव्हर कोणी मागितले तरी आम्ही देत नाही.

कापड सूत रंगवून विणलेले अॅक्रिलिक किंवा पीव्हीसी कोटिंगचे. दोरा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर. सुती दोरा आधी कुजतो आणि चांगले कापड शिवणीत उसवते.

एवढे करूनही थोडे पाणी येणारच, ते बाहेर जायला वाट हवी. समुद्राच्या शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलोंहून जास्त भरते, आणि होडी कलली की ते सगळे खालच्या बाजूला धावून तिला आणखी कलवते. तळाला बसवायचे सेल्फ-बेलर पाणी ओढून टाकतात, पण होडी वेगात असतानाच; थांबल्यावर झडप बंद केली नाही तर पाणी उलटे आत येते. म्हणून दोरीने बांधलेली बादली जवळ असू द्या.

घरी आल्यावर कापड गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच ठेवा. हूडची पारदर्शक खिडकी कोरडी पुसू नका, मिठाने चरे पडतात. तिची घडी न घालता गुंडाळी करा.

माप द्यायला होडी ट्रेलरवरून आणता आली तर उत्तम. नाहीतर होडीची लांबी-रुंदी, नाळ ते डोलकाठी अंतर, बूमची सर्वांत खालची उंची आणि सुकाणूवर बसल्यावर डोळ्यांची उंची मोजून फोटोंसह पाठवा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असते तेव्हाच माप दिलेत, तर पहिल्या फेरीआधी कव्हर बसवून बघायला वेळ मिळतो.