पट्टा आवळला की बीपी का चढतो?

दंडाच्या मुळाशी पट्टा आवळून हलक्या डंबेलवर बायसेप्स मारणारी पोरं आता नागपूरच्या जिममध्येही दिसू लागली आहेत.

ही पद्धत जपानची. १९६६ मध्ये एका बौद्ध विधीत बराच वेळ गुडघे मोडून बसलेल्या योशिआकी सातो यांच्या पोटऱ्या व्यायामानंतर फुगाव्यात तशा ताठरल्या. रक्त अडल्यानेच हे होतंय, असा त्यांनी तर्क केला आणि स्वतःच्याच हातापायांवर प्रयोग सुरू केले. १९७३ मध्ये स्कीइंग करताना घोटा मोडला, तेव्हा प्लास्टरमधल्या पायावरही हेच केलं. पुढे त्याला ‘कात्सू’ नाव मिळालं. जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या २० ते ३० टक्क्यांवरही स्नायू भरतो, म्हणून ऑपरेशननंतरच्या गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट ही पद्धत वापरतात.

बीपीची गोष्ट मात्र सातोंच्याही आधीची आहे, आणि जिममध्ये तीच कुणी सांगत नाही. व्यायाम थांबला की चढलेलं बीपी लवकर उतरतं. १९३७ मध्ये अलाम आणि स्मर्क या संशोधकांनी व्यायाम केलेल्या अवयवाचा रक्तप्रवाह कफ (बीपी मोजताना बांधतात तसा हवेचा पट्टा) फुगवून अडवला, तर स्नायू विसावला तरी बीपी चढलेलंच राहिलं. कफ सोडल्यावर ते खाली आलं. पुढच्याच वर्षी त्यांना मज्जारज्जूला इजा झालेला एक रुग्ण मिळाला. त्याच्या एका पायात ही प्रतिक्रिया होत होती, दुसऱ्यात नाही. म्हणजे बीपी चढवण्याचा निरोप स्नायूतूनच मज्जातंतूंवाटे जात होता. १९७२ मध्ये मॅक्लोस्की आणि मिचेल यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की तो स्नायूतले बारीक मज्जातंतू नेतात.

पट्ट्याखाली हेच घडतं. धमनीतून थोडं रक्त येत राहतं, शिरांतून परतणारं अडतं, आम्ल आणि इतर टाकाऊ द्रव्यं स्नायूत साठतात. मेंदूपर्यंत निरोप पोचतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोर लावतं. निरोगी तरुणाला हे सहसा झेपतं. पण बीपी काबूत नसलेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधूच नये. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या काही शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी याच प्रतिक्रियेकडे बोट दाखवून जाहीर चिंता व्यक्त केली होती.

पट्टा सोडताना बीपी झपाट्याने उतरतं. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला आणि पोटात पुरेसं पाणी नसताना, तेव्हा चक्कर येऊ शकते. जाणकार फिजिओथेरपिस्ट आधी त्या माणसाची धमनी किती दाबाला बंद होते ते मोजतात आणि त्याच्या साधारण ४० ते ८० टक्केच दाब देतात. रुंद कफ कमी दाबातच धमनी बंद करतो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी दातात धरून आवळली, तर हा दाब मोजायची सोयच उरत नाही.