कास्ता

कास्ता : स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील वंशवाचक शब्द; पोर्तुगीज उच्चार ‘काश्ता’. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा ‘कास्ट’ हा शब्द यातूनच इंग्रजीच्या वाटेने आला. मूळ वापर जनावरे, रोपे व घराणी यांच्या वाणासाठी. पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणाला आजही कास्ताच म्हणतात. लॅटिनमधील ‘शुद्ध’ या अर्थाच्या ‘कास्तुस’पासून तो आला, ही जुनी समजूत. विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी त्याचा उगम जनावरांच्या कळपासाठी असलेल्या गॉथिक शब्दात शोधला.

शब्दाला धार आली ती स्पेनमध्ये. 1391 च्या दंगलींनंतर हजारो ज्यूंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. 1449 मध्ये तोलेदो शहराने ठराव करून त्यांच्या वंशजांना नगरातील पदे बंद केली. पोप पाचवे निकोलस यांनी त्याच वर्षी याचा निषेध केला, तरी ‘रक्तशुद्धी’चे असे नियम पसरतच गेले, 1547 मध्ये तोलेदोच्या कॅथीड्रलनेही ते लावले. पद हवे असेल, तर आईबापांची व आजी-आजोबांची नावे-गावे द्यायची. मग चौकशी करणारे त्या गावांत जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना शपथेवर विचारत, की या घराण्यात कुणी ज्यू किंवा मुसलमान होता का. म्हणजे रक्त शुद्ध की अशुद्ध, हे शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीवर ठरे. एखादे जुने वैर उकरून काढायला याहून सोयीची जागा नव्हती.

कोवारुबियास यांच्या 1611 च्या स्पॅनिश कोशात या काळाचे मन स्पष्ट दिसते. ‘रासा’ (कास्ताच्या जवळचा वंशवाचक शब्द) म्हणजे डाग देऊन ओळखीस ठेवलेली जातिवंत घोड्यांची पैदास, असे सांगून कोशकार पुढे म्हणतात, की माणसांच्या घराण्याबाबत मात्र हा शब्द वाईट अर्थाने घेतात. अमक्यात ज्यू किंवा मूर (म्हणजे मुसलमान) ‘रासा’ आहे, असा. घोड्याच्या बाबतीत भूषण, माणसाच्या बाबतीत बट्टा. स्पेनमधले हे नियम पूर्णपणे हटायला 1865 उजाडले.

मेक्सिकोत अर्थ उलटाच झाला. तिथे ‘कास्तास’ म्हणजे मिश्र वंशाचे लोक. स्पेनमध्ये ‘कास्तिसो’ म्हणजे अस्सल कुळीचा. मेक्सिकोत तोच शब्द स्पॅनिश आणि मेस्तिसो (स्पॅनिश व तिथले मूळनिवासी यांची संतती) यांच्या अपत्याला लागला. अठराव्या शतकात तिथे अशा कुटुंबांची चित्रमालिका काढत. बहुधा सोळा चौकटी, प्रत्येकीत आई, बाप, मूल आणि खाली संततीचे नाव. कास्तिसोचे स्पॅनिश जोडीदारापासून झालेले मूल पुन्हा ‘स्पॅनिश’ ठरे. आफ्रिकी पूर्वज असलेल्यांना मात्र चित्रातही ही परतीची वाट नव्हती. स्वातंत्र्यानंतर 1822 मध्ये सरकारी कागदांवरून ही वर्गवारी काढून टाकण्यात आली.

गोव्यात तिसराच अर्थ रूढ झाला. पोर्तुगालमध्ये जन्मलेला तो ‘रेइनोल’, पोर्तुगीज आईबापांच्या पोटी इथे जन्मलेला ‘काश्तिसो’ आणि मिश्र वंशाचा ‘मेश्तिसो’. इथल्या जाती पाहून पोर्तुगिजांनी त्यांनाही ‘काश्ता’च म्हटले. हा शब्द सोयीचा ठरला, पण घातकही. पंगत, धंदा, सोयरीक, वतन, विटाळ असा अनेक पदरी व्यवहार त्यात ‘वाण’ या एकाच कल्पनेत कोंबला गेला, आणि इंग्रजीने पुढे तीच कल्पना उचलली. जातिभेद पोर्तुगिजांनी आणला नाही, हे उघड आहे. बामण (ब्राह्मण), चारडो (क्षत्रिय), सुदीर (शूद्र) हे भेद बाटल्यानंतर गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही राहिले. 1761 च्या फर्मानाने आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा दिला. प्रत्यक्षात वरची पदे मिळत नसल्याची नाराजी धुमसत राहिली आणि 1787 च्या पिंटोंच्या बंडात, म्हणजे गोमंतकीय ख्रिस्ती पाद्र्यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध रचलेल्या कटात, ती बाहेर पडली.

महाराष्ट्रात ‘कास्ट सर्टिफिकेट’ आणि ‘कास्ट व्हॅलिडिटी’ हे शब्द घरोघरी पोचले आहेत. पडताळणी समितीपुढे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाचा उतारा ठेवावा लागतो. तोलेदोतील चौकशीशी याचे वरवर साम्य वाटते, पण हेतू विरुद्ध आहे. तिथे वंशावळ दार बंद करण्यासाठी तपासली जाई. इथे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांचा हक्क तिच्या आधारे शाबीत होतो. त्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. भटक्या कुटुंबांना तो मिळवणे सर्वांत अवघड जाते, कारण ज्यांना गावच नव्हते, त्यांची नोंद गावच्या दप्तरात क्वचितच सापडते.