पार्श्वभूमी : चौथ्या राजपुत्राला सवड नाही

चीनने २०११मध्ये कालप्रवासाच्या मालिकांवर बंदी घातली, हे वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की आता त्याला कोणी हटकत नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरात या प्रकारातली सगळ्यात गाजलेली मालिका, ‘बुबू चिंगशिन’, उपग्रह वाहिनीवर रीतसर लागली आणि लोकांनी डोळे सुजेपर्यंत रडून ती पाहिली. बंदी होती, तर ही आली कुठून?

जुन्या चिनी गोष्टींतही माणसं काळाच्या पलीकडे जाऊन येतात. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या, तांग राजघराण्याच्या काळातल्या एका गोष्टीत चुलीवर राळ्याचा भात शिजेपर्यंत एक गडी उशीवर डोकं टेकवून अख्खं आयुष्य जगून उठतो. पण आजच्या कालप्रवासाचं गोत्र जवळचं आहे. तैवानमधली १९९३ची एक प्रेमकादंबरी, मग हाँगकाँगची २००१ची एक मालिका, ज्यात नायक पुरुष होता. आणि २००४-०५च्या सुमाराला बायकांनी बायकांसाठी इंटरनेटवर प्रकरणागणिक लिहिलेल्या कादंबऱ्यांचा पूर. या पुरातल्या बऱ्याच नायिका एकाच घाटाला लागल्या : चीनच्या शेवटच्या, छिंग राजघराण्यातल्या सम्राट कांगशीचा राजवाडा.

कारण सरळ आहे. कांगशीने १६६१ ते १७२२ राज्य केलं. युवराजाला १७०८मध्ये काढलं, पुन्हा बसवलं, १७१२मध्ये पुन्हा काढलं. गादीसाठी नऊ मुलगे झुंजले आणि चौथा जिंकला, तोच योंगझेंग. आठव्याचं नाव त्याने बदलायला लावलं आणि तो १७२६मध्ये कैदेतच मेला. चिनी वाचकाला हे सगळं आधीपासून ठाऊक असतं. म्हणजे नायिकेच्या हातात फुटलेला पेपर आहे, आणि तो वाचकाच्याही हातात आहे.

दिवसभर ऑफिसात राबणाऱ्या मुलींना राजपुत्र हवे असतात म्हणून हे चालतं, असं एक उत्तर नेहमी मिळतं. मला ते पटत नाही. उठता-बसता गुडघे टेकायचे असतील तिथे विसाव्याला कोण जाईल? गंमत फुटलेल्या पेपरात आहे. ‘बुबू चिंगशिन’ची रुओशी आजच्या शेन्झेन शहरातून १७०४ सालातल्या एका मांचू, म्हणजे छिंग राजांच्याच जमातीतल्या, मुलीच्या अंगात येते. जीव आठव्यावर जडलेला असताना ती त्याला बजावते, चौथ्यापासून जपून राहा. तो जपून राहत नाही, उलट चौथ्यालाच अडकवायला जातो. आळ तेरावा राजपुत्र आपल्या अंगावर घेतो आणि दहा वर्षं कोंडला जातो. पुढे रुओशी चौथ्याची होते, आणि ज्या इतिहासाला ती घाबरत होती त्याची एक कडी आपणच जोडली, हे तिला फार उशिरा कळतं. अशा नायिका इतक्या झाल्या की चिनी नेटवर विनोदच रूढ झाला : चौथे साहेब फार बिझी आहेत. खरा योंगझेंगही कामाला वाघच होता, रात्र-रात्र लाल शाईने अर्ज निकाली काढायचा, पण ते वेगळं.

आता ती ‘बंदी’. प्रसारणावर देखरेख ठेवणारं सरकारी खातं चित्रीकरणाआधी नोंदवलेल्या मालिकांची यादी दर महिन्याला काढायचं. मार्च २०११च्या यादीसोबत एक टिपण होतं. काही मालिका मनाला येतील त्या दंतकथा रचतात, सरंजामी अंधश्रद्धा, दैववाद आणि पुनर्जन्म पसरवतात, असा त्याचा सूर. जानेवारीतच एका वाहिनीवर छिंग दरबारात उतरलेल्या मुलीची मालिका तुफान चालली होती, त्यामुळे रोख कुणावर ते सांगावं लागलं नाही. शिवाय ते कम्युनिस्ट पक्षाच्या नव्वदीचं वर्ष. पडद्यावर क्रांतिकारक हवे होते, राजपुत्र नव्हे. पण ‘मनाई’ असा हुकूम त्यात नव्हता. परदेशी बातम्यांनी नापसंतीची बंदी करून टाकली. निर्मात्यांना मात्र फरक नेमका कळला : मंजूर झालेलं दाखवा, नवं मागताना वेश बदला.

तो वेश म्हणजे ‘ज्याखोंग’. शब्दाचा अर्थ, ज्याला खालून टेकू नाही ते. आपण अधांतरी म्हणतो तेच. घराणं काल्पनिक, सम्राट काल्पनिक, म्हणजे इतिहासाचा अपमान झाला असं म्हणायला जागाच नाही. याचा एक फायदा कोणी लिहीत नाही. छिंग काळ गेला तशी अर्धं डोकं तासून मागे वेणी सोडणारी ती केशरचनाही गेली, आणि नायकांना लांब केस परत मिळाले.

काल्पनिक राज्यही दर वेळी पुरलं नाही. एका तरुणाचा आत्मा युवराज्ञीच्या शरीरात शिरतो, अशी २०१५च्या डिसेंबरात आलेली वेबमालिका पुढच्याच महिन्यात उतरवली गेली आणि काटछाट होऊन परतली. २०१९च्या ‘छिंग यू न्येन’ने आणखी एक पडदा लावला. मूळ कादंबरीतला नायक मरून दुसऱ्या जगात जन्म घेतो. मालिकेत ते सगळं एका विद्यार्थ्याने लिहिलेलं कथानक ठरलं. २०२०च्या एका मालिकेतली पटकथाकार तर आपल्याच संहितेत जाऊन पडली, आणि तिसऱ्या भागात मरणारं दुय्यम पात्र तिच्या वाट्याला आलं.