गाडीच्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार होताय? पात्रता, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

पाडवा किंवा दसरा जवळ आला की पुण्यातल्या शोरूममध्ये गाड्यांचं बुकिंग वाढतं आणि त्याबरोबर घरातल्या कुणाला तरी फोन जातो, ‘काका, तुमची फक्त एक सही लागेल.’ ही सही करणाऱ्यांचे अर्ज परत येतात आणि पुढे हप्ते थकले की सर्वांत जास्त धावपळही त्यांचीच होते. म्हणून ही माहिती गाडी घेणाऱ्यासाठी नाही, त्याच्यामागे उभं राहणाऱ्यासाठी आहे.

सर्वांत आधी फॉर्मवरचा एक छोटा चौकोन पाहा. तुमच्या नावासमोर सहकर्जदार लिहिलंय की जामीनदार? सहकर्जदार पहिल्या हप्त्यापासून मूळ कर्जदाराइतकाच देणेकरी असतो. जामीनदाराकडे बँक हप्ते थकल्यावर येते. पण ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं जामीनदाराला म्हणता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १९६८ साली हेच स्पष्ट केलं. तरीही ‘जामीन म्हणजे नुसती ओळख’ असा समज अजून घट्ट आहे. यापैकी कोणत्याही भूमिकेमुळे गाडीवर हक्क मिळत नाही. आरसी बुकावर नाव गाडीमालकाचं आणि बोजा बँकेचा, तुमचं नाव त्यात कुठेच नसतं.

पात्रतेत वय आणि नियमित उत्पन्न या गोष्टी शोरूममध्येच सांगितल्या जातात. अडतं ते क्रेडिट अहवालावर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि जामिनांच्या नोंदीवर. चार वर्षांपूर्वी मित्राच्या टू-व्हीलरला जामीन राहिलेला माणूस ते विसरून जातो, पण अहवालात ते खातं दिसत असतं. त्याचे दोन हप्ते उशिरा गेले असतील तर अर्ज तुमच्यामुळे फेटाळला जाऊ शकतो. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (सिबिलसारख्या, हा अहवाल बनवणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. सही करण्याआधी तो काढा आणि चूक असेल तर आधी तक्रार करून दुरुस्त करून घ्या.

पॅन, आधार, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, व्यवसाय असेल तर दोन वर्षांचे आयटीआर, ही कागदपत्रं बहुतेकांकडे असतात. पत्त्याच्या पुराव्यावर मात्र पुण्यात हमखास गाडी अडते. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागात सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या आहेत. आधारवर पत्ता पाडलेल्या इमारतीचा, महावितरणचं मीटर काढून नेलेलं, आणि बँकेचा माणूस पडताळणीला गेला की त्याला तिथे फक्त निळे पत्रे दिसतात. तो ‘पत्ता सापडला नाही’ असा शेरा मारतो आणि फाइल तिथेच थांबते. अशा वेळी सध्याच्या भाड्याच्या घराचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि सोसायटीचं पत्र अर्जासोबतच जोडा, आणि पडताळणी सध्याच्या पत्त्यावर करा असं लेखी द्या. कराराची मुदत तपासा. अकरा महिन्यांचा करार संपून आठवडा झाला असेल तरी तो धरला जात नाही आणि हे कुणी आपणहून सांगत नाही, नंतर नुसता ‘अपूर्ण कागदपत्रं’ असा मेसेज येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं पॅन एका नावावर आणि आधार दुसऱ्या नावावर असेल तर आधी ते जुळवून घ्या. प्रतिज्ञापत्रावर प्रत्येक ठिकाणी भागेलच असं नाही.

आता सहीचा दिवस. शोरूममधल्या टेबलावर कराराचा गठ्ठा येतो, एक्झिक्युटिव्ह पानांचे कोपरे धरून फक्त सहीची जागा उघडी करतो आणि ‘इथे, इथे, आणि इथे’ म्हणत पुढे जातो. कृपा करून तिथे थांबा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात वार्षिक खर्चाचा दर, सगळी शुल्कं आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं आणि ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. म्हणजे ‘आजच सही केली नाही तर ऑफर जाईल’ या घाईला काहीही आधार नाही. ते पत्रक घरी नेऊन वाचा. रकान्यांमध्ये रक्कम कोरी ठेवलेल्या कागदावर सही करू नका. सिक्युरिटी म्हणून चेक मागितले तर त्यांचे नंबर लिहून पोच घ्या. हप्ता कोणाच्या खात्यातून जाणार तेही पाहा. ऑटो-डेबिटचा मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, तुमच्या खात्यावर असेल आणि पैशांअभावी तो परत गेला, तर चेक बाउन्ससारखाच फौजदारी खटला तुमच्यावर होऊ शकतो. करारातलं एक कलम मुद्दाम शोधा. तुमच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या तर करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे, बदलानंतरच्या व्यवहारांपुरता, जामीनदार मोकळा होतो. पण पुष्कळ छापील करारांमध्ये जामीनदार हा हक्क सोडून देत असल्याचं आधीच लिहिलेलं असतं. आणि कराराची एक प्रत स्वतःसाठी मागा, लेखी मागा. ज्यांच्याकडे ती नसते त्यांना पुढे स्वतःचीच सही पाहायला बँकेत खेपा घालाव्या लागतात.

हप्ते थकल्याचं कळायला उशीर होतो, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. घर बदललं की कर्ज देणाऱ्या शाखेलाही पत्र द्या आणि पोच ठेवा. आठ लाखांच्या कर्जातले पाच लाख बाकी असताना गाडी उचलून नेली आणि लिलावात साडेतीन लाखांना गेली, तर उरलेले दीड लाख आणि वर उचलण्याचा, पार्किंगचा खर्च तुमच्याकडे मागितला जातो. ‘गाडी गेली, विषय संपला’ असं धरून बसलेल्यांना हा मोठा धक्का असतो. वसुलीचे फोन मात्र सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यांना तर पूर्ण मनाई आहे. असं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा मार्ग नाही, तिथे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावं लागतं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकते आणि पगारातून कपातीचं संमतीपत्र दिलेलं असेल तर पैसे थेट तुमच्या पगारातून कापले जातात.

भरायची वेळ आलीच तर पैसे कर्जदाराच्या हातात देऊ नका. स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि ‘जामीनदाराकडून मिळाले’ असं बँकेकडून लेखी घ्या. करार कायद्याच्या कलम १४० आणि १४५ प्रमाणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण पुरावा लागतो. हा दावा पैसे भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. दोघे जामीनदार असतील तर दुसऱ्याकडून त्याचा वाटाही मागता येतो.

‘मी जामीन काढून घेत आहे’ असं नुसतं पत्र देऊन सुटका होत नाही. दिलेल्या कर्जापुरती जबाबदारी कायम राहते. बँकेने दुसरा जामीनदार लेखी मान्य केला किंवा कर्ज फिटलं तरच नाव निघतं. कर्जदार वारला तरी जामीन संपत नाही, म्हणून कर्जाला विमा आहे का ते सुरुवातीलाच विचारा.

कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत कागदपत्रं परत देऊन बोजा काढला पाहिजे. तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. गाडीमालकाला बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो, मग गाडी एमएच १२ ची असो वा एमएच १४ ची. बहुतेक एनओसींवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. ती कपाटात ठेवून सहा महिन्यांनी गेलेले लोक खिडकीवरून परत येतात. तुम्ही तुमच्या नावाचं वेगळं ‘नो ड्यूज’ पत्र मागा, दिलेले चेक परत घ्या आणि दोन महिन्यांनी अहवाल काढून ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय ना ते तपासा. ‘सेटल्ड’ दिसत असेल तर बँकेने तडजोडीत काही रक्कम सोडलेली आहे, आणि तो शेरा तुमच्याही नावावर लागू शकतो.